बायका छास पीत नाहीत

आमच्या घरात फुटबॉल आणला माझ्या मुलीने, पण त्याचं वेड लागलं ते माझ्या आईला. आईने उभ्या आयुष्यात कुठला खेळ पाहिला नव्हता. खानदेशातून ती माझ्या वडिलांच्या मागे सुरतेला आली. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि ती घरी बसून साड्यांचे लोंबणारे धागे कापायची. मला मात्र शिक्षणासाठी गावी आजोळी ठेवलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आज इथल्या एका मराठी शाळेत शिकवते, ते आईच्या त्या कात्रीमुळे, हे मी विसरलेले नाही. या शहराने आम्हाला पोटभर दिलं, हेही विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना जड जातं. पण ती किळस काही केल्या जात नाही.

सुरतेतल्या पर्वत पाटिया भागापासून जवळच एक मैदान आहे. मुलीची टीम दर रविवारी तिथे खेळते. आई पहिल्यांदा आली तेव्हा विचारत होती, एकच चेंडू कशाला, प्रत्येकीला एक देऊन टाका की. चार-सहा महिन्यांत तीच आई पायरीवर उभी राहून अहिराणीत ओरडायला लागली, "आडवी दे वं, आडवी दे! पुढे कोन शे तुन्हं?" तिच्या ओरडण्यावर मुली हसायच्या आणि खरंच आडवा पास द्यायच्या.

तेव्हा मैदान मातीचं होतं, एका बाजूला दगडी पायऱ्या आणि मागे बाभळीची झुडपं. बायका जोडीजोडीने झुडपांकडे जाऊन यायच्या. ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मग नूतनीकरण झालं. झुडपं गेली, उंच भिंत आली. रंगीत खुर्च्या, पत्र्याचं छत, मोठे दिवे, काचेच्या आड सोफे असलेली व्हीआयपी गॅलरी आणि फोटो काढायला एक मोठा प्लास्टिकचा फुटबॉल. बायकांच्या स्वच्छतागृहाचं दारही आलं. दारावर बाईचं चित्र, चित्राखाली कुलूप. खिडकीच्या फटीतून आत पाहिलं तर बॅनरच्या गुंडाळ्या आणि रंगाचे डबे रचलेले.

पुरुषांचं स्वच्छतागृह उघडं होतं, पण पुरुषांना ते लांब पडायचं. ते भिंतीकडे वळायचे. त्यांना आवरायला मैदान सांभाळणाऱ्या मंडळाने भिंतीवर ओळीने देवांच्या टाइल्स लावल्या. तर लोक दोन टाइल्सच्या मधली जागा शोधू लागले. पहिल्याच दिवशी आईने देव पाहून चप्पल काढली, हात जोडले आणि पुढच्या क्षणी पदर नाकाला लावून मागे सरली. "देवसले आठे कोन बसाडं वं?" तिने विचारलं. देवांना इथे कुणी बसवलं, म्हणत तिने पाय उचलला. तिचा पाय ओला झाला होता. नळावर धुवायला गेलो तर नळ कोरडा.

त्यानंतर दर सोमवारी आईचे पाय सुजलेले दिसू लागले. तिला त्यासाठी रोज सकाळी एक गोळी असते. ती घेतली की शरीरातलं जास्तीचं पाणी निघून जातं आणि दोन-तीन तास सारखं उठावं लागतं. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "रविवारले मी गोळी लेस नही." चहाही नाही, पाणीही नाही. माझी मुलगी शेजारी उभी होती. ती सहज म्हणाली, "आमच्या टीममध्ये पण कोणी पाणी पिऊन येत नाही, मम्मी. तुला माहीत नव्हतं?"

डॉक्टरांनी सांगितलं, गोळी चुकवायची असेल तर मॅच बंद. मी ठरवलं, मॅच बंद होणार नाही, दार उघडेल.

मंडळाने प्रेक्षकांची बैठक बोलावली होती, मॅचच्या दिवशी काय सोयी हव्यात ते विचारायला. तीस-चाळीस पुरुष आणि आम्ही तीन बायका. एकाने मोठी स्क्रीन मागितली, रिप्ले दिसायला हवा म्हणून. त्यावर मामा बोलले. वार्पिंग, म्हणजे ताणा लावायच्या खात्यातून निवृत्त झालेले हे आमच्याकडचे गृहस्थ, सगळेच त्यांना मामा म्हणतात. "रिप्ले कशाला रे? आपला गोलकीपर तोच गोल दुसऱ्यांदा खाऊन दाखवतो की!" हशा पिकला. दुसरा पार्किंगवर घसरला, "भेळवाला माझ्या गाडीच्या सीटवर कांदा चिरतो. घरी गेलो की बायको विचारते, कुठे जेवून आलात?" पुन्हा हशा.

मग मी उठले आणि कुलपाबद्दल बोलले. मंडळाचे प्रमुख कापडाचे व्यापारी आहेत. दर रविवारी स्वखर्चाने सगळ्यांना छास, म्हणजे ताक, वाटतात. माणूस वाईट नाही. ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेन, साचुं कहुं? खरं सांगतो, लेडीजला गरजच नाही. माझी छास जेन्ट्स दोन-दोन ग्लास पितात. लेडीजच्या बाजूने ग्लास भरलेले परत येतात. जे पीतच नाही, त्याला बाथरूम शाने माटे, कशासाठी?"

लोकांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, "भाई, जायला जागा नाही म्हणून त्या पीत नाहीत."

मागून एक तरुण म्हणाला, "आंटी, दीड तासाची तर मॅच. घरून जाऊन यायचं ना."

"आणि तू रे?" मामा त्याच्याकडे वळले. "हाफटाइमला तू भिंतीकडे काय देवदर्शनाला जातोस?"

सगळे इतके हसले, की त्या हसण्यात माझं म्हणणं वाहून गेलं. शेवटी प्रमुख म्हणाले, "चावी वॉचमनकडे ठेवतो. मागून घ्यायची. बस?" मी आभार मानले. मी आईला सांगितलं, आता बिनधास्त गोळी घे.

पुढच्या रविवारी तिने गोळी घेतली. हाफटाइमला थोडा वेळ असताना तिने माझा हात दाबला. मी वॉचमनकडे चावी मागितली. तो खुर्चीवरून न उठता, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एक नंबर के दो नंबर? दो का पानी नहीं है." खालच्या ओळीतली माणसं वळून बघू लागली. आईने मान खाली घातली.

दार उघडलं. बॅनर आणि डबे हलवले होते, पण आत कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं, एकदा नव्हे. भांड्यात सिमेंट घट्ट बसलेलं, त्यावर घाण साचली होती. नव्या पांढऱ्या फरश्यांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. दाराला आतून कडी नव्हती. मी म्हणाले, मी दार धरते. आईने आत एक पाऊल टाकलं आणि ती तशीच मागे सरून बाहेर आली. एवढंच म्हणाली, "चाल घर."

आम्ही काचेच्या गॅलरीखालून बाहेर पडलो. वर सोफ्यावर बसून कुणीतरी ढोकळा खात होतं. वरच्या स्वच्छतागृहासाठी पास लागतो. मुलीने मैदानातून आम्हाला जाताना पाहिलं आणि ती खेळता खेळता थांबली.

रिक्षा घरी पोहोचायच्या आत जे व्हायचं ते झालं. आई नुसती बाहेर बघत राहिली. रिक्षावाला भला माणूस होता. त्याने गाडी आमच्या दारापर्यंत आणली आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी माझ्या ओढणीने सीट पुसली. जिने मला शिकवलं, तिला मी भर गर्दीत ऐकायला लावलं, एक नंबर की दोन नंबर.

आई पुन्हा मैदानावर गेली नाही. मी जाते, मुलगी खेळते म्हणून. दोन रविवारांनंतर त्या दारावरचं बाईचं चित्र खरवडून काढलेलं दिसलं. तिथे आता साउंड सिस्टीम ठेवतात. प्रमुखांनी मला पाहून हात जोडले. "तुमचं मान राखलं, बेन. चावी ठेवली होती. पण नंतर कोणी मागितलीच नाही."

मी घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. पायांवर सूज नव्हती.

"जिकनी का मन्ही माय?" तिने लाडक्या नातीबद्दल विचारलं.

"जिंकली. एक गोल झाला."

"कोना पासवर?"

ती आणखी विचारत राहिली, डाव्या बाजूची पोर पुढे गेली होती का, मागे कोण थांबलं. मी तिथेच बसले होते, पण तिच्यासारखं पाहता मला कधी आलंच नाही. शेवटी ती म्हणाली, "जाऊ दे. पोर घर ई, तिलेच इचारसू."