बंब जागेवरच होता

देवळाली कॅम्पातली ती चोरी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. घरचे म्हणतात, त्या डोक्यात रिकामी जागा भरपूर आहे, म्हणून.

कॅम्पात शंभरेक वर्षांपूर्वीचे बंगले आहेत. उतरती मंगलोरी कौलं, तीन बाजूंनी व्हरांडा, त्याला लाकडी जाळी, खिडक्यांना रंगीत काचा. अशाच एका बंगल्याचे मालक मुंबईहून आमच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला आले. दर्शनी बाजूची जाळी, काचा, सागवानी दरवाजा, सगळं गायब.

"वॉचमननंच विकलं," ते म्हणाले.

वॉचमन कळवणकडचा म्हातारा. बायकोसह बंगल्यामागच्याच खोलीत राहायचा. त्याला ठाण्यात आणला.

"म्या नाय केलं साहेब. आम्ही दोघं लग्नाला गावी गेलो व्हतो. मालकानंच धाडलं, वर बसभाडंबी दिलं."

हे बसभाडं मला खटकलं.

पंचनाम्याला गेलो. व्हरांडा बोडका दिसत होता. घरांच्या शैलीतलं मला काही कळत नाही; आमच्या फ्लॅटची शैली सौभाग्यवती ठरवतात. पण चोर थोडेफार कळतात. न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा भलाथोरला बंब जागेवर होता. मागच्या दारांच्या पितळी कड्याही शाबूत. भंगारात झटकन खपणारं सोडून काचा कोण नेतो? तेही एकेक स्क्रू सावकाश काढून, फरशीवर एक तुकडा न पाडता?

मालकांना चहा दिला आणि विचारलं, "बंब का सोडला असेल हो?"

"ते चोराला विचारा."

"त्यालाच विचारतोय."

चहा तसाच राहिला. कबुली मात्र मिळेना.

दुसऱ्या दिवशी एका टेम्पोवाल्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पिंपळगावला एका शेडमधी द्राक्षाच्या क्रेटमागं जुना दरवाजा उभा हाय. काचाबी हायेत."

ती शेड बंगल्याच्या मालकांच्याच मेव्हण्याची निघाली. माल जप्त झाला, मालक बोलते झाले. बंगला वारसा वास्तू ठरणार होता. ठरला की पाडता आला नसता. दर्शनी भागच नसेल तर वारसा कसला, असा त्यांचा विचार. आळ घ्यायला वॉचमन होताच.

नोकरीनं मला संशय घ्यायला शिकवलं. संशय फिटल्यावर माणसाला परत कुठे ठेवायचं, हे मात्र कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. ते या केसमध्ये कळलं. मोठ्या रुबाबात मी वॉचमनला म्हणालो, "सुटलात बाबा. जा आता घरी."

तो बाकावरून उठला नाही.

"कुनाच्या घरी, साहेब? मालक तर तुमच्याकडं हाय."