खऱ्याच्या खाली

आमच्या कॉलेजात पीएचडी करणाऱ्या एका ताईंशी मी क्वचितच बोलते. लांबून बघत मात्र राहते. त्यांचा विषय अणूंचं गणित. अणुकेंद्रापाशी इलेक्ट्रॉनचा खरा आलेख टोकदार असतो. तो गणिताला अवघड, म्हणून त्या कॉम्प्युटरवर गोल माथ्याच्या, घंटेसारख्या वक्रांच्या गॉसियन टेकड्या एकमेकींवर रचून त्याच्या जवळ जातात. रचताना स्क्रीनवरच्या टेकडीला सांगतात, "ये गो, जरा वर ये."

या रचनेतून हेलियमची ऊर्जा काढली की ती आधीच माहीत असलेल्या खऱ्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच येते. जितकी उतरेल तितकं उत्तर चांगलं. मुंबईतल्या परिषदेच्या आदल्या दिवशी ताईंचा आकडा खऱ्याच्याही खाली गेला.

"ताई, पार्टी!" माझी मैत्रीण ओरडली. "नुसता वडा चालायचा नाही हां."

"कसली पार्टी गो? खऱ्याच्या खाली कधीच जाता येत नाही, गणिताचा नियमच आहे तसा. म्हणजे माझंच कायतरी चुकलंय."

तिथल्या तिथे फोन करून त्यांनी आपलं सादरीकरण रद्द केलं. वर्षभराचं काम होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. पण त्या चक्क हरखल्या होत्या.

"बघ गो," त्या मला म्हणाल्या, "मी चुकले आणि नियमाने लगेच पकडलं. केवढा पक्का आहे तो!"