आमची मंडळी माहेरी गेली आहेत

हे गेले तेव्हा मी इथं कलकत्त्यात, गडियाहाटच्या बाजारात परवल निवडत होते. श्रावणातली ढगाळ सकाळ होती. खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंची सून बीणा गर्दीतून माझ्याकडे येताना दिसली. तिच्या पायांत चपला नव्हत्या, आणि तेवढ्यावरूनच मला काय ते कळलं. "मासीमा, घरी चला," एवढंच ती म्हणाली. निवडलेली भाजी मी पिशवीत भरली, पिशवी तिनं घेतली आणि आम्ही दोघी निघालो. धावलो नाही. आता धावून काय होणार होतं... लोकांना विचित्र वाटेल, पण त्या वाटेवर मला सगळ्यांत आधी जाणवलं ते माझे पाय किती दुखत होते ते. गेली कित्येक वर्षं ते दुखतच असणार. त्यांच्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली नव्हती.

दिवस झाल्यावर इथल्या मराठी मंडळींनी एका संध्याकाळी शोकसभा घेतली. जोशी किती कर्तबगार इंजिनियर होते, तागाच्या गिरणीतली जुनी यंत्रं नुसत्या आवाजावरून कशी ओळखत, गणेशोत्सवाची आरास स्वतःच्या हातांनी कशी उभारत, हे सगळे बोलले, आणि खरंच बोलले. पण शेवटच्या सहा-सात वर्षांबद्दल कोणीही अवाक्षर काढलं नाही. 'दीर्घ आजार' या दोन शब्दांत ती मिटवली गेली. त्यांचा हेतू चांगलाच होता. तरी घरी येताना मला वाटत राहिलं, की ज्या माणसापाशी मी ती वर्षं काढली तोही कोणीतरी होता, आणि त्याच्याबद्दल बोलायला माझ्यावाचून कोणी नाही. म्हणून हे लिहिते आहे.

लग्न होऊन मी साताऱ्याहून कलकत्त्याला आले तेव्हा हे गिरणीत नुकते लागले होते. बालीगंजला बिऱ्हाड, आणि रोज सकाळी लोकलनं बजबजला जायचं, नदीकाठी तिथं यांची गिरणी होती. स्वभावानं अबोल. घरात बोलणं कामापुरतं. मला हाक मारायची झाली तर "ऐकलंस का", आणि मी "अहो". आमच्या पिढीत याहून निराळं कुणाचं नव्हतं, तेव्हा त्याचं मला काही वाटतही नसे. एक गोष्ट मात्र वाटत राहिली, ती आत्ताच सांगते. आमची थोरली मुलगी कुसुम सहा वर्षांची होऊन विषमज्वरानं गेली. धाकटा मुलगा मधू तेव्हा अंगावर पीत होता. कुसुम गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखे कपडे करून उभे राहिले आणि म्हणाले, "डबा देतेस ना?" मी डबा भरून दिला. हे गेले. डोळ्यांतून टिपूस नाही, तिचं नाव नाही, काही नाही. पुढेही कधी नाही. त्या दिवशी माझ्या मनात जे घट्ट झालं ते पंचवीस वर्षं तसंच राहिलं. भांडण कधी केलं नाही. भांडायला तरी समोरच्यानं बोलावं लागतं.

फाळणीनंतर दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी बिघडल्याचं लक्षात आलं. पूर्वेकडचा कच्चा ताग येईनासा झाला होता, गोरे साहेब एकेक करून विलायतेला चालले होते, गिरणीत काळजीचं वातावरण होतं. त्यामुळे हे विसरू लागले तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो काळजीचाच परिणाम धरला. मनगटी घड्याळ तांदळाच्या डब्यात सापडायचं. एका शर्टावर दुसरा शर्ट चढवलेला असायचा. मधूला खडगपूरला रेल्वेत नोकरी लागली होती, तर "मधूची गाडी किती वाजता?" हे जेवताना पाच-सहा वेळा विचारून व्हायचं. मग एकदा हे बालीगंज स्टेशनवर उतरले आणि घरचा रस्ताच सापडेना. ओळखीच्या एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. घरात आल्यावर खुर्चीत बसून दोन्ही हातांकडे पाहत राहिले. मी पाणी दिलं. म्हणाले, "डोक्यात काहीतरी सुटलंय. नट ढिला झाल्यासारखं." घाबरलेला आवाज त्यांच्या तोंडून मी तेव्हा प्रथम ऐकला. त्या महिन्यात गिरणीनं त्यांना रजेवर घरी बसवलं, ते कायमचंच.

डॉक्टरांनी पुष्कळ तपासलं. म्हातारपणी बुद्धी जाते तसंच हे, पण साठीच्या आत सुरू होणारं, दुर्मीळ. एका जर्मन डॉक्टरच्या नावानं ओळखतात, अल्झायमर. औषध नाही, असं त्यांनी बाहेरच्या खोलीत मला आणि मधूला समजावून सांगितलं. नाव कळल्यानं काही सोपं झालं नाही. एवढंच झालं की आमच्याकडे कोणी विचारायला आलं की मधू ते नाव सांगे आणि पाहुणे गप्प बसत.

त्यानंतर साधारण वर्षभरानं एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर हे मला पाहून गडबडीनं पांघरूण सारखं करत उठून बसले. "बाई, आपण कोण?" म्हणाले. मी सांगितलं. ते सभ्यपणे हसले, लहान मुलानं काहीतरी बोलल्यावर हसावं तसे. "नाही, नाही. आमची मंडळी माहेरी गेली आहेत. साताऱ्याला. येतीलच इतक्यात." मी अल्बम आणला, लग्नातला फोटो दाखवला, कुंकू दाखवलं. हे फोटो पाहून म्हणाले, "या आमच्या मंडळी." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही वयस्कर आहात." मग मी अल्बम ठेवून दिला.

असं दोन-चार दिवस राहील, मग ओळखतील, असं वाटलं होतं. नाही ओळखलं. मी कामाला ठेवलेली बाई झाले. परक्या बाईच्या हातून अंघोळ करून घ्यायला हे तयार होईनात, तेव्हा घोषबाबू स्वतःच्या पूजेआधी वर येऊन यांना अंघोळ घालू लागले. अगदी शेवटपर्यंत त्यांनी ते केलं. मी सवयीनं "अहो" म्हटलं की हे दचकत. एकदा हळूच मला म्हणाले, "बाई, अहो म्हणू नका. ऐकणाऱ्याला भलतंच वाटेल. मला जोशीसाहेब म्हणा." तेव्हापासून मी माझ्या नवऱ्याला जोशीसाहेब म्हणू लागले. जोशीसाहेब, जेवायला चला. जोशीसाहेब, हात पुढे करा. माझ्या कुंकवाकडे पाहून एकदा विचारलं, "तुमचे यजमान काय करतात?" मी म्हटलं, "तागाच्या गिरणीत इंजिनियर आहेत." त्यांना फार आनंद झाला. "मग मी ओळखत असणार," म्हणाले.

एकदा दुपारी दार उघडं राहिलं आणि हे बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. घोषबाबूंचे ओळखीचे चारी दिशांना धावले. अखेर सियालदहला, फलाटावर निर्वासितांची कुटुंबं पथाऱ्या पसरून होती, त्यांच्यात हे बसलेले सापडले. एका कुटुंबानं यांना मुरमुरे दिले होते. हाही आपल्यासारखाच माणसं हरवलेला, अशी त्यांची समजूत. कुणाची वाट पाहताय, तर मंडळींना उतरवून घ्यायला आलोय म्हणाले. आपल्याकडची गाडी हावड्याला येते, सियालदहला नाही, हे तीस वर्षं पाठ असलेला माणूस... त्यांना घरी आणलं, पाय धुतले. मी समोरच उभी होते, आणि हे मला सांगत होते, "आज नाही आली हो. गाडी चुकली असेल."

थकवा म्हणजे काय ते मला त्या काळात कळलं. कामाचा थकवा झोपल्यावर जातो. रोज आपण कोण नाही हे ऐकण्याचा जात नाही. मधू दर रविवारी येई, सून शालिनी चार-चार दिवस राहून जाई, बीणा तर घरचीच झाली होती. तरी रोजचा दिवस माझाच होता. मी चिडायचीही. एकदा ताट आपटलं. मग स्वतःच पुसून घेतलं.

आणि याच काळात यांना बोलायची सवय लागली. आयुष्यभर न बोललेला माणूस दुपारी गॅलरीत बसून परक्या बाईशी बोलू लागला, आणि बोलणं बहुतेक त्यांच्या बायकोबद्दल. तिच्या हातच्या आमटीबद्दल. सुरुवातीला तिला बंगाली येत नसे तेव्हा माशांच्या बाजारातून नाकाला पदर लावून कशी पळत आली त्याबद्दल. तिचे केस... हे सगळं मी भाजी निवडत ऐके. मान वर केली की ते थांबतील असं वाटे, म्हणून खालीच पाही.

अशाच एका दुपारी, काही निमित्त नसताना, म्हणाले, "आमची एक मुलगी गेली. सहा वर्षांची होती."

माझा हात थांबला. मी विचारलं, "फार दुःख झालं असेल?"

ते रस्त्याकडे पाहत होते. मग सावकाश, शब्द शोधत शोधत सांगितलं. चौथ्या दिवशी डबा घेऊन निघालो. पण गिरणीत गेलोच नाही. बजबजला उतरायचं आणि घाटावर जाऊन बसायचं. पाण्याकडे तोंड करून बसलं की माणूस रडतोय हे मागून कुणाला कळत नाही. डबा नावाड्यांना द्यायचा. संध्याकाळी तोंड धुऊन घरी यायचं. महिनाभर असंच केलं. साहेब भला होता, त्यानं हजेरी सांभाळली.

"घरी रडायचं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"घरी ती होती ना. मी मोडलेलं पाहिलं असतं तर ती उरलीच नसती. मांडीवर तान्हं मूल होतं. एकानं उभं राहायला हवं होतं."

"मग नंतर तरी सांगायचं."

"राहून गेलं. ती आली की सांगेन. तुम्ही नका सांगू, बाई. मी सांगेन."

"नाही सांगत," मी म्हणाले.

उठून आत गेले आणि मोरीत नळ सोडून रडले. पंचवीस वर्षं ज्याच्यावर मनातून रुसले होते तो माणूस गॅलरीत बसला होता, आणि मला त्याला सांगता येत नव्हतं, की मला कळलं. पुढे दोन-तीनदा मी विषय काढून पाहिला. "मुलगी?" म्हणाले. "आम्हाला मुलगाच आहे." ती दुपार एकदाच आली.

शेवटचं वर्ष शब्दांवाचूनच गेलं. आधी वाक्यं गेली, मग नावं, मग "बाई"ही गेलं. घास भरवायचा, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. मधे मी तापानं आजारी पडले, तर बीणा सांगत होती, हे दाराकडे पाहून एकसारखे हात हलवत होते, तिच्या हातून घास घेईनात. कुणाला बोलावत होते, मंडळींना की बाईला, ते मला माहीत नाही. मी उठून गेले, तोंडाशी चमचा नेला आणि त्यांनी तोंड उघडलं. त्यापलीकडे विचार करायचा नाही असं मी ठरवलं.

त्यांच्या जाण्यानंतर मी रडले नाही म्हणून काहीजणींना नवल वाटलं. माझं थोडं थोडं करून आधीच रडून झालं होतं. मी झोपत होते. जेवून झोपायची, उठून पुन्हा झोपायची. शालिनीला वाटलं मी आजारी आहे.

आता दुर्गापूजा जवळ आली आहे, पाड्यात, आमच्या आळीत, मांडवाचे बांबू पडले आहेत. मधू खडगपूरला चला म्हणतो. जाईन, पण इतक्यात नाही. परकी बाई आतल्या खोलीत कशी झोपणार, म्हणून इतकी वर्षं मी खोलीबाहेरच्या बोळातल्या खाटेवर झोपत होते. परवा शालिनीनं ती खाट उचलून ठेवली आणि आतल्या पलंगावर नवी चादर घातली. तो पलंग मोठा आहे, दोघांचा. सगळ्या आजारात हे त्याच्या भिंतीकडच्या कडेलाच झोपले. सकाळी मी अंथरूण झटकायला जाई तेव्हा दुसऱ्या बाजूच्या चादरीला सुरकुती नसे. घोषबाबू एकदा तिथं टेकले तर यांनी त्यांना उठवलं होतं, ही आमच्या मंडळींची बाजू म्हणून. शालिनी म्हणाली, "आई, आता ऐसपैस झोपा." मी माझ्या बाजूला आडवी झाले. रोज तिथंच झोपते. मधे सरकत नाही.