बाराच्या खेळातली बाई

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे ‘पाठीमागे पावलं वाजली’ असलं काही दिसलं की मी मनातल्या मनात लेखकाचे मार्क कापतो. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा माझे खुशाल कापा. घाबरावं असं यात काही नाही... मी जसा वागलो त्याची लाज मात्र आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

साल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर असावं. मी कोल्हापुरात नवा नवा शाळामास्तर होतो. लक्ष्मीपुरीत एका टॉकीजसमोर चहाचं हॉटेल होतं. तिथं रोज संध्याकाळी सहाला आम्हा सिनेमावेड्यांचा अड्डा जमायचा. कुणाला तमाशापट हवेत, कुणाला हिंदी मारामारी. सायकल दुकानवाल्या बापूला तर नायिका ढसाढसा रडल्याशिवाय सिनेमा बघितल्यासारखंच वाटायचं नाही. मी कथेतल्या चुका काढायचो, म्हणून मास्तर सिनेमाला नाही, पेपर तपासायला जातो, असं सगळे चिडवायचे.

अड्ड्याचा एक नियम होता. जो पहिला खेळ बघून येईल त्यानं बाकीच्यांना अख्खी स्टोरी सांगायची, पण पदरचा सीन घालायचा नाही. थाप सापडली तर महिनाभर त्यानं नुसतं ऐकायचं. थाप की खरं, याचा निवाडा माझ्याकडे. एकदा बघितलेला सिनेमा मला सीनवार पाठ असायचा, आणि त्याची मला घमेंडही होती.

आमच्यात वयानं मोठे होते दस्तगीरभाई. टॉकीजवरची मोठाली बॅनर तेच रंगवायचे. त्यांची बायको, रशिदाभाभी, आदल्या पावसाळ्यात वारली आणि तेव्हापासून त्यांनी अड्डा सोडला होता. भाभींना मी चांगलं ओळखत होतो. घरी गेलं की चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसताना पटकन तोंडावर पदर घ्यायच्या.

त्या आठवड्यात एक मराठी सिनेमा लागला होता. त्यातल्या जत्रेचं शूटिंग कसबा बावड्याच्या बाजूला झालेलं आणि गर्दीत आमचा अर्धा अड्डा उभा होता. बापू तर फेटा बांधून दोन दिवस तिथंच होता. त्यामुळे चर्चेला नुसता ऊत आलेला – कोण किती दिसला, कुणाचा नुसता कानच आला! सोमवारी दस्तगीरभाई अचानक आले, बाकड्याच्या टोकाला बसले आणि सगळ्यांचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, “बांगड्यांच्या दुकानाम्होरं माझी रशिदा बसलीया. वळून बघती.”

बापूनं समजावणीच्या सुरात सांगितलं, की त्या दुकानासमोर बाई नव्हतीच, कासार एकटाच बसला होता. शिवाय शूटिंग झालं तेव्हा भाभींना जाऊन सहा महिने झाले होते. मागून कुणीतरी हसलं. आता भाईंनी महिनाभर गप्प बसायचं, असंही कुणीतरी म्हणालं. भाई चिडले नाहीत. नियम तो नियम, मास्तरांनी बघून काय ते सांगावं, एवढंच म्हणाले.

घरी जाताना ते माझ्या सायकलीबरोबर चालत आले आणि त्या पावसाळ्यातलं सांगू लागले. भाभींच्या बहिणीची सोयरीक ठरत होती, त्यांना राधानगरीला माहेरी जायचं होतं. इकडे शुक्रवारचं बॅनर अर्धं पडलेलं. त्यावरून भांडण झालं.

“जा, आन परत येऊ नको म्हटलं मी,” भाई म्हणाले. “आन न्हाईच आली की.”

तिकडे ताप भरला, पावसानं रस्ता बंद. निरोप पोचला तेव्हा दफनसुद्धा झालं होतं. घरात भाभींचा एक फोटो नाही. दुसऱ्यांची तोंडं रंगवण्यात जन्म गेला, तिचं एक चित्र काढलं नाही, असं म्हणून ते थांबले.

“तीन डाव बघितला मास्तर. ती वळली की माझं डोळंच भरत्यात. तेवढं बघून सांगा... रागात हाय, का हसती?”

मी गुरुवारी गेलो. सिनेमाचा शेवटचा दिवस, शाळेला दांडी मारून बाराच्या खेळाला बसलो. जत्रा आली. पाळणा, मिठाईवाले, फेट्यातला बापू, मग बांगड्यांचं दुकान... आणि दुकानासमोर पाठमोरी एक बाई, कासारापुढं हात धरून बसलेली. ती वळली. सरळ माझ्याकडे बघितलं आणि हसली. अर्धा दात दिसला तसा पटकन तोंडावर पदर घेतला. तीन-चार सेकंद असतील. शेजारचा माणूस निवांत शेंगा खात होता.

मी बाहेर आलो, तीनचं तिकीट काढलं आणि पुन्हा बसलो. पाळणा, मिठाईवाले, बापू, दुकान. कासार एकटा. समोर कोणी नाही.

सहाला अड्ड्यावर सगळे माझीच वाट बघत होते. भाईंनी चहा मागवला होता, पण घेतला नव्हता. खरं सांगतो, मी कच खाल्ली. मास्तरलाबी भुतं दिसाय लागली, असं म्हणून हे लोक उद्यापासून आपली टर उडवणार, एवढंच मनात आलं. त्या माणसाचं काय होईल, हे आलं नाही.

“तिथं कोण न्हाय, भाई,” मी म्हणालो.

“नीट बघितलासा?”

“दोनदा बघितलं.”

आकडा खरा होता. म्हणून तर तो जास्त टोचतो. भाई मान हलवून उठले आणि पुन्हा अड्ड्यावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रिळांच्या पेट्या एसटीवर चढून कुठल्यातरी गावाला गेल्या. पुढे तो सिनेमा मी जत्रेतल्या तंबूत बघितला, गारगोटीला बघितला. बाई पुन्हा दिसली नाही.

भाईंना सांगायचं धाडस व्हायला मला आठ वर्षं लागली. ते बावड्याला पुतण्याकडे राहत होते, ट्रकच्या पाटीवर नंबर रंगवत बसले होते. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. बाराचा खेळ, तुटका दात, पदर. मी खोटं बोललो होतो, असंही सांगितलं. हात जोडले.

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

“तवा म्हटला असतासा तर मानलं असतं, मास्तर,” ते म्हणाले. “आता म्हाताऱ्याचं मन राखाय आलायसा. चांगलं मानूस हाईसा तुम्ही.”

मी शपथ घेतली, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुतण्याच्या बायकोला चहा टाकायला सांगितलं.

एकाच रिळात बाराला होती ती तीनला कुठं गेली, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. आता होईल असं वाटतही नाही. दस्तगीरभाई पुढच्याच वर्षी वारले. भाभी हसत होत्या, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.