सासूबाईंच्या बोटाचं काजळ

लग्न होऊन मी धरमपेठेत आले त्याच उन्हाळ्यात माझे डोळे बिघडले, आणि मी सासुरवासाला कंटाळून रडते असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं. मी रडत नव्हते. रडायला मला वेळ नव्हता आणि कारणही नव्हतं. पण डोळे लालबुंद, पापण्यांच्या मुळाशी पांढरट कोंडा, सकाळी उठलं की खाज, आणि कूलरपुढे जरा बसलं की आग होऊन घळाघळा पाणी. नव्या सुनेच्या डोळ्यांतल्या पाण्याला दुसरं काही कारण असेल, हे कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

शेजारच्या काकू भाजी निवडता निवडता विचारायच्या, "सासू बोलते का वं तुले?" मी नाही म्हटलं की त्या सगळं समजल्यासारखी मान हलवायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. काय करता, हसून आत यायचं.

सासूबाई कडक होत्या, खोटं कशाला बोलू. भाजीत मीठ जास्त पडलं तर ताट बाजूला सारायच्या आणि दिवसभर बोलायच्या नाहीत. लाड करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एक गोष्ट मात्र त्या न चुकता करायच्या. सकाळची आंघोळ झाली की देवाजवळच्या कोनाड्यातून काजळाची डबी काढायच्या. काजळ घरचंच, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून धरलेलं आणि तुपात खललेलं. आधी स्वतःच्या डोळ्यांत बोट फिरवायच्या, मग माझी हनुवटी धरून त्याच बोटानं माझ्या डोळ्यांत. माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे असं कोणी हनुवटी धरलेलं मला फार आवडायचं.

डोळे जळायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "ऊन लागून राहिलं तुले. काजळ थंडावा देते." मग सकाळचं काजळ दुपारीही सुरू झालं. डोळे आणखीच बिघडले.

गल्लीतली बातमी रामटेकला माझ्या बाबांपर्यंत पोचली. त्यांचा निरोप आला की धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आधी, येत्या रविवारी तुला न्यायला येतो, परत पाठवायचं की नाही ते मग पाहू. बाबा तोंडातून शब्द काढायचे ते तसंच करायचे. मला जायचं नव्हतं. मला नवरा आवडला होता, घरही आवडलं होतं.

मग ह्यांनी मला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं माझी एक पापणी उपटली, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिली. मलाही दाखवली. केसाच्या मुळाला काचेसारखे आरपार दिसणारे, लांबोडके जीव चिकटले होते. त्यांचे आखूड पाय हळूहळू हलत होते.

"कोळ्याच्या जातीचे आहेत," बाई म्हणाल्या. "पुष्कळांच्या पापण्यांत असतात, वय वाढेल तसे जास्त. फार झाले की पापणीच्या काठावरच्या तेलाच्या ग्रंथी बुजतात. डोळ्यातल्या पाण्यावर त्या तेलाचा पातळ थर असावा लागतो. तो नसला की पाणी उडून जातं. हिचे डोळे कोरडे पडलेत."

"पण पाणी तर वाहून राहिलं," हे म्हणाले.

"कोरडे पडून जळतात, म्हणूनच वाहतं." मग त्यांनी काजळाचं विचारलं. कोण घालतं ते मी सांगितलं. "ते बंद. दुसऱ्याच्या बोटाचं तर अजिबात नको." गरम पाण्याचा शेक, लहान मुलांचा शाम्पू पाण्यात कालवून पापण्या पुसणं आणि एक पिवळं मलम, एवढं घेऊन आम्ही निघालो.

डोळ्यांत किडे पडोत, असा आमच्याकडे शाप देतात. सुनेच्या डोळ्यांत किडे आहेत हे गल्लीत कळणं रडण्यापेक्षा वाईट. आणि ते कोणाच्या बोटानं आले असतील, हे घरात बोलणं त्याहून वाईट. आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बोट पुढे केलं तेव्हा मी मान मागे घेतली. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या, एवढंच बोलले. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि डबी मिटली. संध्याकाळी ह्यांना खोदून खोदून विचारलं. ह्यांना खोटं बोलता येत नाही. त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता बाबांबरोबर जायचंच.

रविवारी बाबा आले. चहा पुढे ठेवला तर हात लावला नाही. काकूही नेमक्या तेव्हाच वाटी परत द्यायला आल्या आणि तिथेच रेंगाळल्या.

"तुले इथं त्रास हाय का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. डोळ्यांचा आजार आहे."

"कायचा आजार?"

काकू कान टवकारून उभ्या होत्या. मी चहाची बशी बाबांपुढे आणखी सरकवली. बाबा म्हणाले, "सामान भर."

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या आणि बाबांसमोर बसल्या. "व्याहीबुवा, तिच्या पापण्यांत किडे हायेत. माह्या बोटानं गेले. काल मी एकटी दवाखान्यात जाऊन माही पापणी दाखवून आली. तिच्यापेक्षा माह्याकडेच जास्त निंघाले. रडत नाही ती. आता न्यायचं असन तर न्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चहाची बशी उचलली. त्या घरात मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा. काकू बघत होत्या. बघेनात का.

सोमवारी आंघोळ झाल्यावर सासूबाई कोमट पाण्याची वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. मी ती धरली आणि त्यांच्या पापण्या पुसायला लागले. कापूस मात्र दोघींचा वेगळा घेतला.