आप्पासोंच्या नावाचा फलक

पलूसजवळच्या त्या गावात आप्पासोंना उसाशिवाय दुसरं पीक ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही त्यांना वाटली नव्हती. ऊस तुटला की पाचट पेटवायचं, खोडवा राखायचा, पाटाचं पाणी मोकळं सोडायचं आणि लिंबाखाली तंबाखू मळत बसायचं, अशी त्यांची तीस वर्षांची शेती. एकेकाळी एकरी ऐंशी टन निघायचा. चावडीवर पोचेपर्यंत त्याचे शंभर व्हायचे. अलीकडे दुप्पट खत टाकूनही पस्तिसाच्या वर गाडी सरकेना, आणि रानावर मिठासारखा पांढरा थर धरायला लागला. आप्पासोंनी बियाण्याला दोष दिला, हवामानाला दिला, शेजाऱ्याच्या बोअरलाही दिला. स्वतःला द्यायचा तेवढा राहून गेला.

बांधापलीकडं त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, भामाबाई. वाटणीत एकाच काळ्या रानाचे दोन तुकडे झाले होते. पाटाकडचा तुकडा आप्पासोंनी घेतला, तोही वहिनीवर उपकार केल्यासारखा चेहरा करून. वहिनी मात्र एक वर्ष ऊस, पुढं हरभरा, मग ज्वारीत तूर, मग भुईमूग अशी पिकं फिरवत राहिल्या. पाचट त्या सरीतच कुजवायच्या. दरसाल माणदेशातून बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन आला की लेंडीखतासाठी चार-पाच रात्री कळप रानात बसवून घ्यायच्या आणि त्याला ज्वारी द्यायच्या. आप्पासो या शेतीला ‘वहिनींची भेळ’ म्हणत. बिराप्पाला तर त्यांनी केव्हाच बजावलं होतं, की लेंड्यांचा वास आपल्या उसाला सोसत नाही.

अशात एका संस्थेची समीक्षा नावाची मुलगी गावात आली. पीक हवेतला कर्ब, म्हणजे कार्बन, खाली नेतं, मुळं आणि पाचट मातीत कुजलं तर तो तिथंच साठतो, जाळलं तर पुन्हा हवेत जातो, असं तिनं चावडीवर समजावून सांगितलं. आप्पासो तेवढा वेळ पेंगत होते. ज्याच्या मातीत सगळ्यात जास्त कर्ब, त्याच्या रानात त्याच्या नावाचा फलक लागणार, हे ऐकल्यावर मात्र ते खडबडून जागे झाले. गेली काही वर्षं गावात त्यांना कुणी शेतीतलं काही विचारत नव्हतं. हे त्यांना फार लागलं होतं. रस्त्यावरून दिसेल असं आपलं नाव त्यांना हवंच होतं.

बाजारादिवशी वहिनी पलूसला गेल्या आणि आप्पासो खुरपं घेऊन बांध ओलांडून गेले. एकाच बापाचं रान, त्यात चोरी कसली, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समीक्षानं वाटलेल्या कागदात सांगितल्याबरहुकूम त्यांनी आठ ठिकाणी वीतभर खड्डे घेतले, झाडाखालची जागा टाळली, माती एकत्र करून तिचे चार भाग केले, दोन टाकले, आणि उरलेल्यातली अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरून आत स्वतःच्या नावाची चिठ्ठी घातली. इतकी शास्त्रशुद्ध चोरी तालुक्यात कुणी केली नसेल.

वहिनींनी आपली माती तपासायला दिलीच नव्हती, त्यामुळं साहजिकच आप्पासोंचा नंबर पहिला आला. रानात मांडव पडला, हार आले, चहा आला. वहिनी बायकांत बसल्या होत्या. बिराप्पा मेंढरं थोपवून बांधावर उभा होता. मातीत लेंड्या सापडल्या, तुम्ही मेंढ्या बसवता का, असं समीक्षानं कौतुकानं विचारलं. आप्पासो म्हणाले, “व्हय, दरसाल. लय जुनी पद्धत हाय आमची.” बिराप्पानं पटका सारखा केला आणि दुसरीकडं पाहिलं.

मग फलक रोवायला पहार आणली. पहिला घाव घातला आणि पहार उडाली. गावातले दणकट गडी पाळीपाळीनं भिडले, घामाघूम झाले, आणि खड्डा झाला चार बोटं. पाणी ओतलं तर ते वरच तुंबलं. समीक्षानं एक ढेकूळ उचललं. ते दगडासारखं होतं, त्यात मूळ नव्हतं की गांडूळ नव्हतं. तिनं ढेकळाकडं पाहिलं, मग बांधापलीकडं पाहिलं.

चहा गार होत होता. एक गडी वैतागून बांध ओलांडून दोन पावलं पलीकडं गेला आणि त्यानं तिथं पहार मारली. एका घावात ती हातभर आत गेली. पाच मिनिटांत फलक ताठ उभा राहिला. नाव आप्पासोंचं, रान वहिनींचं. कुणी हसलं नाही, आणि आप्पासोंना तेच जास्त झोंबलं.

वहिनी पदर सावरत उठल्या. “भावजी, माती पायजे हुती तर मागायची. न्हाई तर खड्डं तरी बुजवून जायचं. पाय मुरगळला माझा त्यात.”

कागदावर खड्डे बुजवायचं लिहिलेलं नव्हतं, म्हणून आप्पासोंनी ते बुजवले नव्हते.

मांडव रिकामा झाला तसे ते बिराप्पाजवळ गेले. आवाज खाली आणून म्हणाले, “बिराप्पा, औंदा चार राती आमच्या बी रानात मेंढरं बसिव की.”

बिराप्पानं त्यांचं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट न्याहाळलं. नुकतंच पाचट पेटवलेलं होतं.

“बसिवली असती, आप्पासो,” तो म्हणाला, “पर बसायच्या आधी ती चरत्यात. तुमच्या रानात राखंबिगर काय हाय?”

आणि त्यानं कळप फलकाच्या बाजूला वळवला.