बाबांच्या पोटऱ्या
बाबा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर अठ्ठावीस वर्षं उभे राहिले. पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा दिसू नयेत म्हणून ते घरातही पँट घालत. घोट्याजवळची जखम भरेना, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"शिरांमध्ये झडपा असतात," डॉक्टर म्हणाले. "पोटरी हलली की रक्त वर चढतं, झडपा ते खाली येऊ देत नाहीत. उभं राहून राहून यांच्या झडपा निकामी झाल्यात. आधी का नाही आलात?"

"चालता येत होतं ना," बाबा म्हणाले.

ऑपरेशन ठरलं, पण त्याआधीच पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आणि बाबा गेले.

रस्त्यात ते मागे पडले की मी चिडायचे, "बाबा, पाय उचला ना!" ते हसून भरभर चालू लागायचे. दुखतंय असं एकदाही म्हणाले नाहीत.